एकोणीस नंबरचा दात

टिंग!

रविवारची दुपार होती आणि घर असं चिडीचूप होतं की पंखासुद्धा चवड्यांवर चालल्यासारखा फिरत होता. खालच्या चाव्यांच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून भिंगरीचे बाबा वर येऊन आडवे झाले होते. भिंगरीची आई धुतलेल्या कपड्यांच्या ढिगाला टेकून बसली होती. घड्या घालायच्या होत्या खऱ्या, पण ती बसली होती नुसतं टेकायला मिळालं म्हणून. आणि तेवढ्यात स्वयंपाकघरात, स्टीलच्या ताटलीत, टिंग करून काहीतरी पडलं.

आणि मग, "आई! पडला!"

आगीच्या बंबावरची माणसंसुद्धा एवढ्या चपळाईने उठत नसतील. पायात अडकलेला टॉवेल तसाच फरफटत आई स्वयंपाकघराकडे धावली, आणि धावता धावता ओरडली, "हात लावू नकोस! धुऊ नकोस! गिळू नकोस! आणि बाबांना जवळ येऊ देऊ नकोस!"

"आता मी काय केलं?" आतून झोपाळू आवाज आला.

बाबांनी काय केलं होतं ते घरात सगळ्यांना पाठ होतं. महिन्यापूर्वी भिंगरीचा पहिला दात पडला, तो संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी कामावर न्यायचा म्हणून आईने तो वाटीभर थंड दुधात घालून फ्रिजमध्ये ठेवला. पडलेला दात दुधात बरा राहतो, हे तिच्या कामावर लहान पोरालाही माहीत असतं. पण बाबांचं काम वेगळं. ते सकाळी लवकर उठले, बायको दमलीय म्हणून कधी नव्हे ते प्रेमाने चहा करायला गेले, दूध कमी पडलं, आणि फ्रिजमधली वाटी त्यांना दिसली. दात गाळणीत सापडला. उकळून, चहाच्या रंगाचा होऊन. तेव्हापासून, दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात ना, तसं भिंगरीचे बाबा दुधात आधी चमचा फिरवून बघत आणि मगच पातेलं गॅसवर चढवत.

"बघू," आई ताटलीवर वाकली.

अर्ध्या खाल्लेल्या सफरचंदाच्या फोडीशेजारी तो पडला होता. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. एका कोपऱ्याला तुटका, कारण भिंगरीने पाच वर्षांची असताना बाबांच्या दुकानातली एक पितळी चावी खायची आहे की नाही हे तपासून पाहिलं होतं. आणि खालच्या बाजूला, जिथून तो हिरडीतून सुटला होता तिथे, लालसर, ओला, टाचणीच्या टोकाएवढा ठिपका.

ठिपका ओला म्हणजे आतला गर जिवंत.

ती ज्या प्रयोगशाळेत कामाला होती ती दातांच्या दवाखान्यामागे, जिन्याखालच्या दोन खोल्यांत होती. पोरांचे पडलेले दुधाचे दात तिथे यायचे. दाताच्या पोटात जो मऊ गर असतो तो काढायचा, त्यातल्या मूळपेशी, म्हणजे कामावर सगळे ज्यांना स्टेम सेल म्हणतात त्या, वेगळ्या करायच्या, आणि चपट्या बाटलीत गुलाबी पाणी घालून, अंगाइतक्या उबेत ठेवून वाढवायच्या. पुढे त्यांच्यापासून हाडाचे बारीकसे तुकडे होतात का ते बघायचं. झाले, तर ज्यांच्या जबड्यात हाड उरलेलं नाही त्यांच्या कामी कधीतरी येतील. हे 'कधीतरी' पुष्कळ लांबचं होतं. आधी पेशी जगायला हव्यात.

आणि भिंगरीच्या आईच्या हाताने त्या जगत नव्हत्या.

तिच्या हाती आलेल्या पहिल्याच, पंधरा नंबरच्या दाताला बुरशी आली. सोळा नंबर आधीच वाळून आला होता. सतरा तग धरेल असं वाटलं, पण नाही. अठरा का गेला ते कुणालाच कळलं नाही. पाच वर्षं पोर सांभाळून ती परत कामाला लागली होती, सहा महिन्यांच्या बोलीवर, आणि त्यातले चार महिने संपले होते. तिथल्या मोठ्या मॅडम काही बोलल्या नव्हत्या. त्या न बोलण्याचीच तिला जास्त भीती वाटायची.

"दात कोरून पोट भरत नाही म्हणतात," बाबा दारात उभे राहून जांभई देत म्हणाले, "आणि माझी बायको दात कोरूनच पगार घेते."

"तू दोन पावलं मागे हो आधी."

"झालो."

"अजून."

बाबा भिंतीला टेकले. आईने पर्समधून झाकणाची छोटी बाटली काढली. पहिल्या दाताच्या चहानंतर ती अशी बाटली कायम जवळ बाळगत होती, जसे इतर लोक किल्ल्या आणि रुमाल बाळगतात. चिमटा उकळत्या पाण्यातून काढला. आणि दात उचलणार, तेवढ्यात भिंगरीने ताटली आपल्याकडे ओढून घेतली.

"माझा आहे."

"तुझाच आहे गं बाई."

"मग तो माझ्या डब्यात जाणार."

भिंगरीचा डबा हे एक वेगळंच प्रकरण होतं. बिस्किटांच्या त्या चौकोनी पत्र्याच्या डब्यात ती तिच्यातून गेलेल्या वस्तू जपून ठेवायची. जन्मल्यावर मनगटाला बांधलेली प्लास्टिकची पट्टी, पहिल्यांदा कापलेले केस, पायाच्या अंगठ्याचं एक अख्खं नख, गुडघ्यावरच्या जखमेची खपली, आणि चहाच्या रंगाचा तो पहिला दात. पाहुण्यांना ती डबा उघडून दाखवायची. पाहुणे लवकर उठायचे.

आई खाली फरशीवर बसली. वेळ नव्हता, पण घाई केली की ही पोर जास्तच घट्ट होते, हे तिला अनुभवाने कळलं होतं.

"ऐक. तू अगदी पहिल्यांदा, माझ्या पोटात, केवढी होतीस माहितीय? एक पेशी. एकच. पुस्तकात वाक्य संपल्यावर टिंब असतं ना, त्याच्याहून लहान."

"मग?"

"मग एकीच्या दोन झाल्या, दोघींच्या चार, चौघींच्या आठ. तेव्हा त्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं आपण पुढे काय होणार ते. कुणीही काहीही होऊ शकली असती. मग हळूहळू त्यांनी ठरवायला सुरुवात केली. ही म्हणाली, मी डोळा होते. ती म्हणाली, मी हाड होते."

"नाक कोण झालं?"

"झाली कुणीतरी. कुणालातरी व्हावंच लागतं."

भिंगरीने नाक चाचपून पाहिलं. "मग?"

"मग जवळजवळ सगळ्यांचं ठरून गेलं. एकदा डोळा झाली की तिला पुन्हा नख होता येत नाही. पण थोड्या अशा राहिल्या, ज्यांनी पूर्ण ठरवलंच नाही. त्या कोपऱ्याकोपऱ्यांत बसून राहिल्या. हाडांच्या पोकळीत, कातडीच्या तळाशी, आणि दाताच्या पोटात. तुझा गुडघा फुटला होता ना मागे? तो कुणी भरला?"

"मलमाने."

"मलमाने नुसती घाण दूर ठेवली. खालून नवीन कातडी कुणी केली? ह्यांनीच. कातडीच्या तळाशी बसलेल्या होत्या त्यांनी. आणि तुझं रक्त रोज जुनं होतं, रोज नवीन होतं. तेही हाडातल्या त्यांच्या बहिणी करतात. तू झोपलेली असतेस तेव्हापण."

"म्हणजे माझ्या दुकानातल्या कोऱ्या चाव्या," भिंतीला टेकलेले बाबा म्हणाले.

बाबांच्या दुकानात मागच्या फळीवर कोऱ्या चाव्या टांगलेल्या असत, अजून दातरे न पाडलेल्या, रांगेने, चकचकीत. कुठलं कुलूप आपलं हे त्यांना ठाऊक नसे. गिऱ्हाईक आलं की त्यातली एक मशीनवर चढायची, किर्र करून कापली जायची, आणि कुणाच्यातरी घराची होऊन जायची.

"अगदी तशाच," आई म्हणाली. नवऱ्याचं हे बोलणं तिला मनापासून आवडलं, पण चहाचा गुन्हा ताजा असल्यामुळे तिने ते चेहऱ्यावर दाखवलं नाही. "फक्त एक फरक. तुझी कोरी चावी कापली की संपली, फळीवरून एक कमी झाली. ही कापली जायच्या आधी आपल्यासारखी आणखी एक कोरी करून ठेवते."

बाबा सरळ उभे राहिले. "फुकटात?"

"फुकटात."

"असा माल कुठे मिळतो?"

"तिच्या दातात," आईने भिंगरीकडे बोट दाखवलं.

भिंगरीने ताटलीतल्या दाताकडे नव्या आदराने पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे दात पडला तर त्या बिचाऱ्या रस्त्यावर आल्या."

"आता कशी बोललीस! म्हणून त्यांना लवकर उबेत न्यायचं. संध्याकाळपर्यंत सुकून जातील."

भिंगरीने विचार केला. खालच्या ओठाला नव्या खिंडीतून जीभ लावून तिने बराच विचार केला.

"नेऊ दे. पण दात परत आणायचा."

आता इथे खरं बोलायला हवं होतं. गर काढायचा म्हणजे दात बारीक चकतीने मधोमध कापायचा, शेंग सोलावी तसा उघडायचा. अख्खा दात परत यायचा प्रश्नच नव्हता. आईला हे ठाऊक होतं. पण तो ओला ठिपका तिच्या डोळ्यांसमोर वाळत होता, आणि पंधरा, सोळा, सतरा, अठरा रांगेने उभे राहून तिच्याकडे बघत होते. ती म्हणाली, "आणते."

"लिहून दे."

लिहून द्यायला कागदही होताच. प्रयोगशाळेचा छापील फॉर्म. वर पालकाची सही, आणि खाली मुलासाठी एक चौकोन. मॅडमनी स्वतः भांडून छापून घेतलेला. पोराचा दात, तर पोरालाही विचारलं पाहिजे. लिहिता येत असेल तर लिहील, नाहीतर हसरा किंवा रडका चेहरा काढील, आणि रडका निघाला तर दात जसाच्या तसा परत. पर्समध्ये बाटलीसोबत आई फॉर्मही बाळगत होती. भिंगरीने पोटावर आडवं पडून, पेन्सिल मुठीत धरून, चौकोनाबाहेर बरंच जाऊन लिहिलं: 'हो. पन माझा दात परत दायचा.' आणि खाली एक चेहरा काढला. हसरा. पुढचे दोन दात नसलेला.

आईने वर सही केली.

* * *

कामावर दात घेताना नाव लिहायचं नाही, नंबर लिहायचा, अशी शिस्त. भिंगरीचा दात एकोणीस नंबरचा झाला.

रविवारी दुपारी तिथे कुणी नव्हतं. आईने केस टोपीत कोंबले, हातमोजे घातले, आणि काचेच्या कपाटासारख्या त्या टेबलाशी, जिथे सतत स्वच्छ वारा खेळत असतो, हात आत घालून बसली. दात तीनदा धुतला. तुटका कोपरा चिमट्यात चमकला. तो कोपरा दिसला आणि चावी चावून भोकाड पसरलेली पाच वर्षांची भिंगरी तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. दुसऱ्यांची मुलं अठरापर्यंत नुसते नंबर होती. एकोणिसावा काही केल्या नंबर होईना.

"माफ कर गं," ती दाताला म्हणाली आणि चकती फिरवली.

आत इवलासा गुलाबी धागा होता. तो तिने सुईने अलगद ओढला, बारीक केला, सुटा केला, बाटलीत गुलाबी पाण्याखाली ठेवला आणि बाटली उबेच्या कपाटात आडवी निजवली. दाताच्या दोन फाकी कापसात गुंडाळून खणात ठेवल्या. रीतीप्रमाणे त्या कचऱ्यात जायच्या. तिच्याच्याने टाकवेनात.

त्यानंतरचे दिवस म्हणजे दुहेरी परीक्षा. कामावर ती रोज बाटली सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. पेशी जगायच्या असतील तर आधी तळाला चिकटतात. तरंगत राहिल्या की समजायचं, गेल्या. सगळं तरंगत होतं. आणि घरी दार उघडलं की आतून प्रश्न यायचा.

"आणला?"

"अजून नाही गं, त्याचं काम चाललंय."

दुसऱ्या दिवशी: "आणला?" "उद्या बघू." तिसऱ्या दिवशी: "आणला?" "मॅडम नव्हत्या." चौथ्या दिवशी भिंगरीने नुसतं पाहिलं, विचारलं नाही. ते सर्वांत वाईट.

"तू तिला सांगून टाक," नवरा म्हणाला. दोघं खाली दुकानात होती. त्याने दातऱ्यांवरून कानस फिरवत ठेवली होती, त्यामुळे वर आवाज जाणार नव्हता.

"सांगीन. पेशी जगल्या की सांगीन. म्हणजे निदान सांगायला काहीतरी चांगलं असेल."

"आणि नाही जगल्या तर?"

"तर दात पण गेला, पेशी पण गेल्या आणि माझी नोकरी पण."

"तसा एक दात आणू का दुसरीकडून? तुमच्या खणात ढीगभर असतील. पोरीला काय कळतंय?"

"कोपरा तुटका आहे."

"कानशीने तोडतो की." त्याने कानस वर केली आणि बायकोचं तोंड पाहून खाली ठेवली. "गंमत केली. अगं, ती माझ्या फळीवरून एक चावी इकडची तिकडे झाली तर सांगते. ती दात ओळखणार नाही होय?"

सातव्या दिवशी आईने बाटली भिंगाखाली धरली आणि तिला आधी वाटलं, काचेवर धूळ आहे. पुसली. धूळ तशीच. मग लक्षात आलं की ती आत आहे, तळाशी. एका जागी पाचसहा, दुसरीकडे तीन. लांबट, दोन्हीकडे टोकं काढलेल्या, पाय रोवून बसलेल्या. नवव्या दिवशी तिथे मोहल्ले झाले होते. बाराव्या दिवशी सकाळी गुलाबी पाणी पिवळं पडलेलं दिसलं, म्हणजे लेकरं भुकेली झाली, म्हणजे खाणारी तोंडं वाढली. ती टोपी घातलेल्या अवस्थेत, एकटीच, खुर्चीवर बसल्या बसल्या हसत सुटली. हसतील त्यांचे दात दिसतील तर दिसोत.

मॅडमनी भिंगातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. चष्मा दोरीवर सोडला.

"हात बसला तुमचा," त्या म्हणाल्या. बस, एवढंच. पण त्यांच्याकडून एवढं म्हणजे बँडबाजा. "आता अर्ध्या गोठवून ठेवू, अर्ध्या पुढे वाढवू. कागद आणा."

गोठवण्याआधी कागद पुन्हा वाचायचा ही मॅडमची पद्धत. आईने फॉर्म दिला. मॅडमनी चष्मा वर चढवला, सही पाहिली, चौकोन पाहिला. चौकोनापाशी त्या थांबल्या.

"दात परत दिला?"

आईची दातखीळ बसली.

"तो... कापला, मॅडम."

"ते मला दिसतंय. ते तिला माहीत होतं?"

"नाही."

"म्हणजे तिने हो म्हटलं ते अख्ख्या दाताच्या बोलीवर." मॅडमनी कागद टेबलावर ठेवून सपाट केला, जणू तोच गुन्हेगार. "इथे आईच देणारी आणि आईच घेणारी. म्हणून तर मी दोनदा वाचते. आपण ह्या पेशी ठेवू शकत नाही."

"मॅडम, चार महिन्यांत पहिल्यांदा..."

"मला माहितीय किती महिन्यांत. उद्या पोरीला घेऊन या. खरं काय ते सांगून आणा. तिने पुन्हा हो म्हटलं तर ठेवू. नाही म्हटलं तर तुमच्याच हाताने बाटलीत पेशी मारायचं औषध ओतायचं."

* * *

कापसातल्या दोन फाकी आईने त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ठेवल्या. नवरा पाणी प्यायच्या निमित्ताने आत निघून गेला आणि तिथेच राहिला.

भिंगरीने फाकींकडे पाहिलं. एक उचलली. तिला तुटका कोपरा होता. दुसरी उचलली, दोन्ही जोडून पाहिल्या. मधे बारीक फट राहिली.

"तू तोडलास."

"हो."

"बाबांनी उकळला आणि तू तोडलास."

"हो."

"बाबांना माहीत नव्हतं." पोरीने मान वर केली. "तुला माहीत होतं?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. आईला ती स्पष्ट दिसली, दार उघडं असावं तशी. "माहीत होतं," ती म्हणाली. "तू नाही म्हणशील म्हणून सांगितलं नाही. ते चुकलं माझं."

भिंगरीने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिने दोन्ही फाकी डब्यात टाकल्या, झाकण लावलं, आणि डबा घेऊन बाबांच्या दुकानात जाऊन बसली. बाबाही मागोमाग खाली गेले. बऱ्याच वेळाने खालून आवाज आला, "बाबा, तुटलेली चावी जोडता येते?"

"नाही गं. तुटली की गेली. मग नवी करायची."

"हं," भिंगरी म्हणाली.

* * *

दुसऱ्या दिवशी ती डबा पोटाशी धरूनच आली. मॅडमसमोरच्या उंच स्टुलावर तिला बसवलं. पाय लोंबकळत होते. मॅडमनी कोणी मोठं गिऱ्हाईक आल्यासारखं तिच्यापुढे पाणी ठेवलं.

"एकोणीस नंबर आपणच का?"

"मी एकोणीस नाही. मी भिंगरी."

"बरोबर आहे. चूक आमची." मॅडमनी फॉर्म पुढे केला. "हे तुम्ही लिहिलंत. त्यातलं आम्ही पाळलं नाही. आता तुम्ही ठरवायचं. आधी बघायचंय?"

भिंगरीने आईकडे न बघता मान डोलावली. कालपासून ती आईकडे बघत नव्हती.

आईने आतल्या खोलीतून बाटली आणली, झाकण घट्ट आवळून, दोन्ही हातांत, अंगाला धरून. भिंगाखाली बाटली ठेवली, शेजारच्या पडद्यावर चित्र आलं.

पडदा भरून त्या पसरल्या होत्या. लांबट, निमुळत्या, एकमेकींना चिकटून, सगळ्या एका दिशेला वळलेल्या, वाऱ्याने गवत वळावं तशा.

भिंगरी स्टुलावर गुडघ्यांवर उभी राहिली.

"ह्या सगळ्या दातात होत्या?"

"नाही. थोड्याच होत्या," आई म्हणाली. "बाकीच्या इथे झाल्या. त्यांनीच केल्या."

"कोऱ्या आहेत अजून?"

"कोऱ्या आहेत."

"आता त्या काय होणार?"

"ते आम्ही त्यांना शिकवणार. हाड होता येतंय का बघणार. जमलं तर."

"त्यांना खायला कोण घालतं?"

"मी."

"रविवारी?"

"रविवारीपण."

भिंगरीने पहिल्यांदा आईकडे पाहिलं. रविवारी दुपारी आई कपडे तसेच टाकून कुठे पळते, ह्याचा हिशेब तिच्या डोक्यात कुठेतरी लागत असावा. मग तिने मॅडमना विचारलं, "मी नाही म्हटलं तर?"

"तर आम्ही ह्या टाकून देऊ," मॅडम म्हणाल्या. सरळ, गोड न करता.

"आई टाकणार?"

"आई टाकणार."

भिंगरीने खिंडीतून जीभ बाहेर काढली, आत घेतली. आईने मनातल्या मनात पंधरा, सोळा, सतरा, अठरा असं मोजलं आणि थांबली. पोरीला एक शब्दही सुचवायचा नाही असं तिने रात्रीच ठरवलं होतं.

"पेन्सिल द्या," भिंगरी म्हणाली.

ह्या वेळी तिने हळू लिहिलं. आधीची ओळ खोडली नाही, तिच्या खाली लिहिलं: 'ठेवा. पन आईने खर सांगायच.' मग जरा थांबून, 'नेहमी.' चेहरा काढला. हसरा नव्हता, रडकाही नव्हता. तोंडाच्या जागी एक सरळ रेघ.

मॅडमनी चष्मा चढवून तो बराच वेळ न्याहाळला. "असा चेहरा आमच्याकडे पहिल्यांदाच आला. चालेल." आणि आईकडे वळून, "ही अट मात्र मला तपासता येणार नाही. ती तुम्ही सांभाळा."

"सांभाळीन," आई म्हणाली. तिच्या आवाजात पाणी आलं होतं, ते तिने खोकल्यात लपवलं आणि लगेच आठवलं की आता लपवायचं नाही. "रडू येतंय मला," ती भिंगरीला म्हणाली.

"दिसतंय," भिंगरी म्हणाली, आणि सरकून स्टुलावर थोडी जागा केली.

आई टेकली. अर्धी स्टुलावर, अर्धी हवेत. दोघी पडद्याकडे बघत राहिल्या. भिंगरीने मांडीवर डबा उघडला. पट्टी, केस, नख, खपली, चहाचा दात, दोन फाकी. तिने एकदा डब्यात पाहिलं, एकदा पडद्यावर, पुन्हा डब्यात.

"आई, ह्यातलं सगळं माझ्यातून गेलं ना?"

"हो."

"आणि हे मेलेलं आहे."

"हो."

"पण त्या पण माझ्यातून गेल्या. आणि त्या मेल्याच नाहीत. इथे जेवतायत. आणि मी घरी जेवते." तिने स्वतःच्या पोटावर हात ठेवला, मग खांद्यावर, मग हात लांब करून बोटांच्या टोकांकडे पाहिलं, आणि तिथून पुढे, पडद्यापर्यंत.

"खरं सांग हं आई," ती म्हणाली. "मग मी नक्की कुठे संपते?"